काट्यावर आधी बाई

आमच्या मांजरसुंब्याच्या डॉक्टरीणबाई पेशंटला काट्यावर उभं करण्याआधी स्वतः उभ्या राहायच्या. सकाळी दवाखान्याचं शटर वर गेलं की पहिलं काम हेच. चपला दाराशी, पर्स टेबलावर, मनगटावरचं घड्याळ पर्सवर, आणि पदर कमरेला खोचून बाई काट्यावर. मग बाहेर बाकावर बसलेल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या आपलं वजन सांगायच्या, मोठ्या बटनांच्या कॅलक्युलेटरवर त्याला उंचीनं दोनदा भागायच्या आणि जाहीर करायच्या, "एकतीस. कालच्यावानीच हाय. चला, कोन पैलं?"

एकतीस म्हणजे लठ्ठ. ते सांगायला कॅलक्युलेटरची गरज नव्हती. बाई जेमतेम पाच फूट, आणि चारी बाजूंनी भरलेल्या. नवीन आलेला पेशंट आधी बाईंकडे बघायचा, मग भिंतीवरच्या 'वजन आटोक्यात ठेवा' या पाटीकडे बघायचा, आणि मग हळूच शेजाऱ्याला कोपर मारायचा. एकदा एक ट्रक ड्रायव्हर तर तोंडावर हसला. बाई म्हणाल्या, "हसा. हसून झालं की चढा." तो चढला. त्याचा आकडा बत्तीस निघाला. त्यानंतर तो सोलापूरकडून येता-जाता गाडी थांबवून बाईंना भेटल्याशिवाय पुढे गेला नाही.

मी एकदा त्यांना विचारलं, की बाई, रोज सगळ्यांसमोर आपलं वजन कशाला सांगता? कोणी मागितलंय का? त्या म्हणाल्या, "शेठ, मानूस काट्यावर चढतो तवा त्याला उघड्यावर उभं केल्यागत वाटतं. बाईमानसाला तर लईच. त्याला उघडं करायचं तर आधी आपन व्हावं. मंग त्याला लाज राहत न्हाई." त्या मला शेठ म्हणायच्या ते निव्वळ चिडवायला. माझं रबडीचं हॉटेल आहे, चौकात, त्यांच्या दवाखान्याच्या भिंतीला भिंत लावून.

आता मांजरसुंब्यावरून जो एकदा गेला आहे त्याला रबडी काय ते सांगायला नको. बीडकडून या, सोलापूरकडून या नाहीतर पाटोद्याकडून या, चौकात गाडी थांबते आणि माणसं रबडी खातात. माझ्या दुकानाच्या पुढच्या बाजूलाच मोठी कढई. सकाळपासून दूध आटत असतं आणि येणारी साय पोरं कडेला सारत असतात. वजनाच्या डॉक्टरला शेजार मिळाला तो असा. बाई म्हणायच्या, "मी दिसभर लोकाला गोड सोडा म्हनून सांगते, आनि तुमच्या कढईचा वास माज्याच खिडकीतून आत येतो. तुमी माझे दुश्मन हायत." असं म्हणणाऱ्या बाई चारच्या ठोक्याला मागच्या दारानं दुकानात यायच्या आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसून एक वाटी रबडी खायच्या. एकच वाटी, पण चमच्यानं तळ खरवडून. वाटी विसळायला टाकताना पोरं म्हणायची, "ही बाईंची वाटी, हिला धुवायचं काय?"

बाई परळीच्या. वडील तिथल्या वीज केंद्रात कामाला होते. "वाळत घातलेली कापडं राखंनं करडी व्हायची, आमी त्या राखंत वाढलो," असं सांगायच्या. पुढे शिकल्या, डॉक्टर झाल्या, यजमान लवकर गेले, एकुलती मुलगी पुण्याला नोकरीला लागली, पण बाईंनी जिल्हा काही सोडला नाही आणि जिभेवरची परळीही सोडली नाही. औषधाचं नाव सफाईदार इंग्रजीत आणि पुढचं वाक्य "रोज येक, जेवल्यावर, इसरायचं न्हाई." त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना त्या आपल्याच घरातल्या वाटायच्या. संकष्टीला बाई लिंबागणेशला दर्शनाला जायच्या. दुसऱ्या दिवशी आकडा हमखास थोडा वर. "उपास केला की माझं वजन वाढतं," हेही त्या बाकावरच्या सगळ्यांना सांगून टाकायच्या, "कारन उपासाला मी साबूदाना खाते आनि साबूदाना मला खातो."

तो आकडा म्हणजे बीएमआय. भिंतीवरच्या तक्त्यावर तसं छापलेलंही होतं. पण बाई त्याला आकडाच म्हणायच्या, आणि त्यांच्यामुळे आमच्या चौकात सगळेच म्हणायला लागले. पानटपरीवर दोन माणसं भेटली तर "काय बे, आकडा काय तुझा?" अशी विचारपूस व्हायची. बाहेरगावचा माणूस ऐकून वेगळाच अर्थ घ्यायचा आणि इथं कसला धंदा चालतो म्हणून बघत राहायचा.

मला बाईंनी तो समजावला तेव्हा मी वाद घातला होता. मी म्हणालो, "शहाण्णव किलो वजन आहे, मान्य. पण आमचं सगळं खानदान असंच. खात्यापित्या घरचा माणूस अंगानं भरलेला असणारच." बाईंनी मला खिडकीतून रस्त्यावरची उसाची ट्रॉली दाखवली. म्हणाल्या, "त्या ट्रालीत हाय तेवढा ऊस बैलगाडीत भरला तर काय हुईल?"

"आस मोडेल."

"ऊस तेवढाच हाय की. मंग कावून मोडल?"

"गाडी लहान आहे म्हणून."

"मंग नुस्ता माल मोजून कसं चालंल? गाडी केवढी ते बगाय नगं?" आणि त्यांनी हिशोब मांडला. वजन किलोमध्ये, उंची मीटरमध्ये. वजनाला उंचीनं भागायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीनंच भागायचं. साडेअठराच्या खाली उत्तर आलं तर माणूस खंगलेला. तिथपासून तेवीसपर्यंत ठीक. तेवीसच्या पुढे सावध व्हायचं, आणि पंचवीसच्या पुढे म्हणजे लठ्ठ. "गोऱ्या लोकाच्या तक्त्यात जरा पुढपर्यंत सूट हाय," त्या म्हणाल्या, "पन आपल्या अंगाला तेवढ्यात साखर धरती, म्हनून आपली रेघ अलीकडं." लहान लेकरांना आणि पोटुशी बाईला हा हिशोब लावायचा नाही, त्यांचे तक्ते वेगळे, हेही त्यांनी बजावलं. माझा आकडा तेहतीसच्या वर आला. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी मला पहाटे कपिलधारच्या रस्त्यानं चालायला लावलं, आणि मी चाललो की नाही याची खात्री त्या माझ्या बायकोकडून करून घ्यायच्या.

आमच्या वडिलांची, म्हणजे तात्यांची गोष्ट तर अजून चौकात सांगतात. तात्या एकेकाळचे सरपंच, पंचवीस एकर बागायतीचे मालक, बोलणं मोजकं आणि डोक्याला पांढराशुभ्र पटका. त्यांचं वजन मोजलं, उंची मोजली, आकडा पंचवीसच्याही आत आला. तात्या खूश. घरी येऊन मला म्हणाले, "बघ. तुझ्यापेक्षा मी बरा." पण बाईंना काही ते पटेना. संध्याकाळी रबडी खाता खाता मधेच चमचा खाली ठेवून त्या म्हणाल्या, "शेठ, तुमचे वडील तुमच्यापरीस उंच हायत का वो?" मी म्हणालो, नाहीत, चार बोटं बुटके आहेत. बाईंनी कपाळावर हात मारला. उंची मोजायच्या पट्टीचा आडवा दांडा पटक्यावर टेकला होता. पटक्याची उंची तात्यांच्या उंचीत धरली गेली होती, आणि उंचीनं दोनदा भागायचं असल्यामुळे आकडा चांगलाच खाली आला होता.

पण तात्यांना पटका काढा म्हणायचं कुणी? आमच्याकडे माणूस चारचौघांत डोकं उघडं करतो ते मयताला. त्यातून समोर बाईमाणूस. बाईंनी दुसऱ्या दिवशी तात्यांना बोलावलं, बाकावरच्या लोकांना बाहेर काढलं, शटर अर्धं ओढलं, स्वतः डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तात्या, मी बगत न्हाई. तुमचं पोरगं मोजंल. मोजून झालं, पटका बांधला, की मला सांगा." तात्या क्षणभर त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मग त्यांनी पटका काढून माझ्या हातात दिला. मी उंची मोजली. नवा आकडा एकोणतिसाला टेकला. पटका पुन्हा बांधून झाल्यावर तात्या म्हणाले, "बाई, तुमी माझी इज्जत ठिवली. आता काय खाऊ नगं ते सांगा." तात्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुणाला असं विचारलेलं मी ऐकलं नाही.

बाईंचा खरा जीव मात्र आकड्याच्या दुसऱ्या टोकाकडे होता. दिवाळीच्या आधी ऊसतोडीला निघालेल्या माणसांच्या गाड्या आमच्या चौकात थांबतात. भांडीकुंडी, बाजली, शेळ्या, लेकरं, सगळं एकावर एक. त्या दिवसांत बाई काटा उचलून रस्त्याच्या कडेला, माझ्या दुकानाच्या पायरीपाशी आणून ठेवायच्या. तिथेही आधी आपण चढायच्या. एवढी जाडजूड बाई काट्यावर चढून आपलं वजन ओरडून सांगते म्हटल्यावर गाडीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि हसत हसत खाली उतरायच्या.

एक पोरगेलीशी बाई मला आठवते. ती म्हणाली, "मला कावून मोजता? मी तर नुस्ती काडी हाय."

"म्हनूनच," बाई म्हणाल्या.

तिचा आकडा सोळा निघाला. बाईंनी मुकादमाला हाक मारली. तो म्हणाला, "अवो बाई, ह्यो कोयता चांगला हाय, दरसाल जातो." आमच्याकडे ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असं धरतात. बाई कडाडल्या, "कोयत्यात दोन मानसं असत्यात. त्यातलं हे येक मानूस निम्मंच हाय. हिच्या डोक्यावर मोळी द्यायची न्हाई." त्या मुकादमानं पुढे बाईंचं किती ऐकलं असेल कोण जाणे. बाईंनाही ते माहीत होतं. म्हणून त्या नुसतं बोलून थांबायच्या नाहीत. रक्त वाढवायच्या गोळ्या द्यायच्या, आणि आमच्या भट्टीवर शेंगदाणे-गुळाचे लाडू वळून घ्यायच्या. माझी बायको मंदा आणि बाई दुपारभर लाडू वळत बसायच्या. "हे नवऱ्याला द्यायचे न्हाईत, सासूला द्यायचे न्हाईत," असं दम देऊन लाडवाची पिशवी त्या बाईच्या हातात जायची. उन्हाळ्याच्या तोंडाला गाड्या परत आल्या की पुन्हा काटा पायरीपाशी. सोळाचा साडेसोळा झाला तरी बाई अशा हरखायच्या, की बघणाऱ्याला वाटावं यांच्याच लेकीचं बाळंतपण सुखरूप पार पडलं.

आकड्याचं एवढं वेड, पण त्याच्यावर आंधळा विश्वास मुळीच नाही. धान्याच्या मोंढ्यातला एक हमाल आला, आकडा सत्तावीस. बाईंनी त्याच्या दंडावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "ह्ये हाड आनि गोटीव मांस हाय. जा." एक मास्तर आले, आकडा बावीस, हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र पुढे. त्यांच्या पोटाला बाईंनी शिंप्याची टेप लावली आणि त्यांना तपासायला बसवून घेतलं. "आकडा कडी वाजवतो," त्या म्हणायच्या, "दार उघडून आत कोन हाय ते आपल्याला बगावं लागतं." आणि कुणाचा आकडा घसरला, अगदी लठ्ठाचा घसरला, तरी शाबासकी देण्याआधी बाईंचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "कशानं उतरलं?" चालून, खाणं कमी करून, शेतात राबून, काहीतरी कारण पाहिजे. कारण मिळेपर्यंत त्या पुढच्या पेशंटला हाक मारायच्या नाहीत.

या एका प्रश्नानं माझं घर वाचवलं. मंदाचा आकडा पंचवीसच्या वर होता. एका हिवाळ्यात तो उतरायला लागला. आम्ही बीडला एका लग्नाला गेलो होतो, तिथं सगळ्या बायका तिला विचारत होत्या, की बाई गं, काय केलंस? मंदा लाजत होती. ब्लाउज सैल झाले म्हणून तिनं शिंप्याकडे घट्ट करायला टाकले होते. मलाही बरं वाटत होतं. माझं तसूभर हलेना, निदान हिचं तरी उतरतंय. एक दिवस बाईंना चहा द्यायला ती दवाखान्यात गेली आणि सहज काट्यावर चढली. बावीस. भिंतीवरच्या तक्त्यात अगदी हिरव्या पट्ट्यात.

बाई म्हणाल्या, "कशानं उतरलं, मंदा?"

"काय की. आपोआप."

"चालती का?"

"दुकानातनं येळ कुठं भेटतो?"

"जेवन कमी केलं?"

"उलट भूकच लई लागती, बाई. आनि तहान. रातच्याला उठून तांब्या तोंडाला लावती."

बाई उठल्या आणि त्यांनी खिडकीतून माझ्या कढईकडे बोट दाखवलं. "मंदा, त्ये दूध आपोआप आटतं का? खाली जाळ असतो म्हनून आटतं. अंग बी आपोआप आटत न्हाई. तुज्या खाली कशाचा जाळ हाय ते बगू." आणि तिथल्या तिथं बोटातून रक्त काढून त्यांनी साखर तपासली. मशीनवरचा आकडा बघून बाईंनी मला दुकानातून बोलावून घेतलं आणि स्वतःच आम्हा दोघांना बीडच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. रिक्षात सगळा वेळ त्यांनी मंदाचा हात धरला होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर बेशुद्ध पडूनच आणावं लागलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आज मंदा रोजची औषधं घेते, चालते, दुकानाचा गल्ला सांभाळते आणि मला दम देते. तिला बघितलं की मला बाई आठवतात. माझ्या घरात दिवा लागतो तो बाईंमुळे लागतो, हे मी कुणालाही सांगतो, गिऱ्हाईक ऐकायला तयार असो वा नसो.

त्यानंतर काही वर्षांनी, एका सकाळी, बाई काट्यावरून "तीस" म्हणाल्या. बाकावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत एकतीस हललेला कुणी पाहिला नव्हता. मंदाच्या जोडीनं बाई पहाटे चालायला लागल्या होत्या, त्याचं फळ मिळालं असं सगळ्यांना वाटलं. मग एकोणतीस झाले. मग बाईंचा गुडघा धरला आणि चालणं बंद पडलं. आकडा मात्र खालीच जात राहिला. बाई खुशीत होत्या. "बगा शेठ, म्हातारपनी बारीक झाले का न्हाई," असं म्हणून त्यांनी एक जुनी साडी नेसून दाखवली, जी म्हणे त्यांना लेकीच्या बारशानंतर कधी नीट बसलीच नव्हती.

मी रबडीचा माणूस. गिऱ्हाईक तोंडानं काय बोलतं त्याच्यापेक्षा वाटी कशी परत येते ते मी बघतो. बाईंची वाटी अर्धी परत यायला लागली होती. पहिल्यांदा वाटलं, साखर जास्त पडली असेल. चाखून बघितली, तशीच होती. पुढे वाटीला नुसता चमचा लागलेला असायचा. विचारलं तर बाई म्हणायच्या, "आता मला गोड सोडायचं हाय." पण सोडणारा माणूस वाटी मागवतच नाही. बाई रोज चारला येऊन वाटी मागवत होत्या, तिच्याकडे बघत बसत होत्या आणि पोटावर हात ठेवून उठून जात होत्या.

ज्या सकाळी त्या "सत्तावीस" म्हणाल्या, त्या सकाळी मी चहा घेऊन दवाखान्यात गेलो होतो. बाकावर माणसं होती. ती म्हणत होती, बाई, आता पेढे काढा. मी कप टेबलावर ठेवला आणि बोलून गेलो, "बाई, कशानं उतरलं?"

बाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. "चालून," त्या म्हणाल्या.

"चालणं तर कधीच बंद झालंय."

"मंग गोड सोडून. तुमी मला डाक्टरकी शिकवायले का शेठ? जावा, तुमचं दूध उतू जाईल."

मी आलो. चारला बाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाठवलेला चहा परत आला. आठवडाभर असंच चाललं. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, पेशंटशी बोलताना, कधी ओरडताना. पण सकाळचं ते जाहीर करणं बंद झालं. शटर वर जायचं, काटा वाजायचा, आणि पुढे काहीच ऐकू यायचं नाही. कढईपाशी उभं राहून मी रोज त्या एका आवाजाची वाट बघायचो. बाई सगळ्यांच्या डॉक्टर होत्या, पण बाईंना काट्यावरून उतरवून प्रश्न विचारणारं चौकात कुणीच नव्हतं.

शेवटी मंदा गेली. पेशंट संपल्यावर, दुपारची. ती पेशंटच्या स्टुलावर बसली. बाई म्हणाल्या, "कावून आली? साखर वाढली का?" मंदा म्हणाली, "माझी न्हाई वाढली. बाई, मला तुमीच सांगितलं व्हतं. दूध आपोआप आटत न्हाई. तुमच्या खाली कशाचा जाळ हाय?"

मंदानं मला नंतर सांगितलं, बाईंनी खिडकीतून आमच्या कढईकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला म्हाईत हाय, मंदा. मला कवाच कळलंय की आत कायतरी हाय. मी लोकाला दरडावते, चला तपासाय, चला. माझी पाळी आली तर पाय उचलंना. मला लई भ्या वाटायलंय." आणि त्या रडल्या. मंदानं त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलला, त्यांच्याकडून नंबर लावून घेतला आणि पुण्याला त्यांच्या लेकीला सांगितलं, की ताई, उद्याच्या उद्या या.

आतड्यात गाठ होती. पुण्याला ऑपरेशन झालं. ते चार-पाच तास मी दुकानात काय केलं ते मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं, की त्या दिवशीची पूर्ण कढई करपली आणि त्याबद्दल मला कुणी एक शब्दही बोललं नाही. संध्याकाळी लेकीचा फोन आला. गाठ निघाली होती, आणि पसरलेली नव्हती. तात्या अंगणात खाटेवर बसले होते, त्यांना मी सांगितलं. तात्यांनी डोक्यावरचा पटका काढला, मांडीवर ठेवला आणि हात जोडले. अंगणात गडीमाणसं होती, सुना होत्या. तात्यांना त्याचं भान नव्हतं.

बाई परत दवाखान्यात बसल्या नाहीत. उपचार बरेच महिने चालले, आणि लेकीनं त्यांना एकटं राहू दिलं नाही. मधून फोन यायचा. आवाज खोल गेलेला असायचा, पण चौकशा सगळ्या. मंदाची साखर, तात्यांचं जेवण, माझं चालणं. दिवाळी जवळ आली तेव्हा त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "गाड्या निगाल्या का?" मी निघाल्या म्हणालो. त्या म्हणाल्या, "काटा दवाखान्यात पडून हाय. किल्ली तुमच्यापाशी हाय."

त्या वर्षी काटा मी पायरीपाशी आणून ठेवला. बीडच्या एक तरुण डॉक्टरीण, बाईंनी फोन करून गळ घातली म्हणून, गोळ्या घेऊन आल्या. लाडू मंदानं वळले. गाडीतल्या बायका खाली उतरायला तयार होईनात, तेव्हा मी चपला काढल्या आणि स्वतः चढलो. वजन ओरडून सांगितलं, दोनदा भागलं, आणि आकडा जाहीर केला. तिशीच्या खाली यायला मला किती पहाटे लागल्या ते माझं मलाच माहीत. बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि एकेक करून खाली उतरल्या. आता दरसाल हे आम्हीच करतो.

मागच्या महिन्यात बाई येऊन गेल्या. दवाखान्याची जागा सोडायची होती, त्याचं शेवटचं आवरायला लेक गाडीनं घेऊन आली होती. गाडीचं दार उघडलं आणि मी बघतच राहिलो. गाल भरलेले, हाताच्या बांगड्या घट्ट, चालण्यात तोच जुना डुलता थाट. काटा दुकानात गल्ल्याशेजारी ठेवलेला असतो. बाईंनी कुणाला काही न विचारता चपला काढल्या, पर्स मंदाच्या हातात दिली, पदर खोचला आणि चढल्या. कॅलक्युलेटर मी पुढे केला. त्यांनी दोनदा भागलं आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तीस."

गिऱ्हाइकं चमकून बघायला लागली. मंदानं डोळ्याला पदर लावला. मी विचारलं, "बाई, कशानं वाढलं?"

"लेकीच्या हातचं खाऊन," बाई म्हणाल्या. "आता कमी कराय पायजे शेठ. लई झालं. अर्धीच वाटी द्या."

मी अर्धी वाटी दिली. कोपऱ्यातल्या त्याच टेबलावर त्या बसल्या. तात्यांना भेटल्या, साखर असते म्हणून मंदाचे पाय तपासले, मला दोन गोष्टी सुनावल्या. आता येणं होईल न होईल, असं म्हणाल्या आणि लगेच विषय बदलला. मग गाडीत बसल्या. काचेतून हात हलत होता तोवर आम्ही उभे होतो. गाडी लिंबागणेशच्या रस्त्याला वळली आणि दिसेनाशी झाली.

टेबल आवरायला पोरगं आलं, त्याला मी थांबवलं. वाटी मी स्वतः उचलली. तळ खरवडलेला होता, आत थेंबभरसुद्धा काही राहिलं नव्हतं.